नवीन नंबरवरची सुट्टी

शालन जाधवर हिचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, घरमालकावर नव्हता, गॅसवाल्यावर तर अजिबातच नव्हता. दूध आलं की आधी बोट बुडवून बघायची, मग नखावर थेंब ठेवून बघायची, आणि तरीही "आज जरा पातळ वाटतंय" म्हणत त्या बिचाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. दोरीवर कपडे वाळत घातले की चिमटे मोजून ठेवायची. एकदा दोन चिमटे कमी भरले तर तिने वाघोलीतल्या त्या अख्ख्या गल्लीला आठवडाभर वाकड्या नजरेने पाहिलं. चिमटे पुढे मोरीच्या कोपऱ्यात सापडले. "आणून ठेवले असतील कुणीतरी," ती म्हणाली.

आता कुणी म्हणेल, बाईचा स्वभावच तसा. असेलही. पण तिचं कामही तसलंच होतं हो! खराडीतल्या एका आयटी पार्कच्या गेटवर ती आठ वर्षं लेडी गार्ड होती. बायकांची पर्स उघड, डबा उघड, छत्री झटक, लॅपटॉपचा नंबर बघ. रोज तीनशे-चारशे पिशव्यांत हात घालायचा आणि प्रत्येकीत काहीतरी लपवलेलं आहे असं धरूनच घालायचा. एकदा एका गोड बोलणाऱ्या मुलीच्या डब्यात पोळ्यांच्या खाली हार्ड डिस्क सापडली होती. तेव्हा साहेबांनी शालनचं नाव फोटोसकट बोर्डावर लावलं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की हिच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. नवरा उत्तरेश्वर मार्केट यार्डातून टेम्पो भरून कोकणात, गोव्यात जायचा. आठवड्यातले पाच दिवस तो रस्त्यावरच असे. तो परत आला की त्याच्याही बॅगेत एकदा हात फिरायचा. तो आपला हसायचा. म्हणायचा, "बघ बाई, घाटातला वाघ हाय का त्यात ते बघ."

त्यांना एकच मुलगी, अपेक्षा. नऊ वर्षांची, चौथीत. शाळा सकाळची, घरापासून पंधरा मिनिटं चालत. सातला पाच कमी असताना पोरीला गेटवर सोडायचं, तिथूनच बस धरायची आणि साडेसातला ड्युटीवर उभं राहायचं, असं शालनचं गणित होतं. दुपारी अपेक्षा शाळेच्याच पाळणाघरात थांबायची. एक मिनिट इकडेतिकडे झालं तरी सगळं कोलमडायचं. पण कोलमडू द्यायला शालन कुठे तयार होती?

तिचं हे गणित बिघडवायचा तो पाऊस. पाऊस काय पुण्याला नवा नाही. पण हल्ली त्याला रंग आलेत, पिवळा, केशरी आणि लाल. लाल रंग आला की शाळा बंद. मुलं खूश, शिक्षक खूश, आणि आईबाप मात्र सकाळी सकाळी डोक्याला हात लावून बसलेले. शाळेला सुट्टी मिळते, आईबापांना कुठे मिळते? संगणकावर कामं करणारे घरूनच काम करतात, पोराला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने बटणं दाबतात. शालनने काय करायचं? गेट उचलून घरी आणायचं आणि ओट्यावर ठेवून पिशव्या तपासायच्या?

मागच्या वर्षी ऑगस्टात तिने असाच एक लाल दिवस पाळला होता. सकाळी पालकांच्या ग्रुपवर पत्र आलं. शिक्का, सही, तारीख, सगळं जिथल्या तिथे. शालनने पहाटेच सुपरवायझर शितोळे साहेबांना फोन करून रजा टाकली, पोरीला पांघरूण घालून झोपवलं. दुपारी कळलं, पत्र दोन वर्षांपूर्वीचं होतं. कुणीतरी टवाळाने नुसती तारीख बदलली होती. शाळा झकास भरली होती आणि अपेक्षाची गणिताची चाचणी बुडाली होती. गेनबा शितोळे मिलिटरीतून निवृत्त झालेला माणूस. त्याने शालनला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "पुन्हा आयत्या वेळी कळवलंत ना जाधवर, तर थेट हिंजवडीच्या साइटवर टाकीन. मग जा रोज शहर ओलांडून." वाघोली एका टोकाला, हिंजवडी दुसऱ्या. म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचं. मग पोरीला शाळेत कोण सोडणार? शालनने त्या दिवशी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून असल्या पत्रांना भुलायचं नाही.

आणि यंदाच्या जुलैत, एका बुधवारी संध्याकाळी, तिच्या फोनवर एक मेसेज आला. नंबर अनोळखी. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

"नमस्कार. मी शर्मिला टीचर. माझा फोन पाण्यात पडल्यामुळे हा नवीन नंबर सेव्ह करावा. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या शाळेला सुट्टी आहे."

शालनने तो मेसेज तीनदा वाचला आणि तिच्या ओठांवर हसू आलं. फोन पाण्यात पडला म्हणे! नवीन नंबर म्हणे! असले मेसेज कसे येतात, पुढे काय मागतात, हे गेटवरच्या नोटीस बोर्डावर लिहून लावलेलं होतं, आणि तो कागद चिकटवला होता कुणी? शालननेच. तिने सावकाश टाइप केलं, "तुम्ही खऱ्या टीचर असाल तर सांगा, अपेक्षा जाधवरचा हजेरी क्रमांक किती?" दहा मिनिटं वाट पाहिली. उत्तर नाही. "सापडली!" ती मोठ्याने म्हणाली आणि नंबर ब्लॉक करून टाकला. चाळीस मुलांच्या आईबापांना एकेक करून मेसेज करत बसलेल्या बाईला दहा मिनिटांत उत्तर देणं जमलं नसेल, हे काही तिच्या मनाला शिवलं नाही. ग्रुपवर कुणीतरी पत्रही टाकलं होतं. त्यावर शिक्का होता. शिक्का तर मागच्या वर्षीही होता की!

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "शालन, ए शालन, आहेस का गं?"

ही शेजारची सकीना चाची. साठीला आलेली, गुडघे कुरकुरणारी, पण जीभ अजून धारदार. जन्म भवानी पेठेतला, त्यामुळे मराठी अशी स्वच्छ की शालनलाच आपलं बोलणं गावंढळ वाटावं. दारात मशीन मांडून ती दिवसभर साड्यांना फॉल-पिको करायची आणि गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते बघायची. मुलगा गुलजार एसी दुरुस्त करत फिरायचा. नात मंतशा अपेक्षाच्याच शाळेत, दुसरीत.

"उद्या सुट्टी आहे गं शाळेला," सकीना म्हणाली. "मंतशाच्या बाईंचा मेसेज आलाय. अपेक्षाला माझ्याकडे सोड. दोघी खेळतील."

"बाईंनी फोन केला की मेसेज?"

"मेसेजच."

"मग बघा," शालन म्हणाली. तिचं 'बघा' हे असं होतं की समोरच्याने गपगुमान घरी जावं. सकीना गेली. पण हिच्या डोक्यात भुंगा सुरू झाला. हिला काय एवढी पडलीय? माझी पोरगी हिच्या घरात हवी कशाला? परवा विचारत होती, "उत्तरेश्वर कधी येणार?" माझा नवरा घरात नाही हे हिला कळून काय करायचंय?

दोन वर्षं शेजार होता, पण शालनने सकीनाच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता. ईदेला वाटीभर शीरखुर्मा आला, तो मागच्या गटारात ओतला, वाटी घासली आणि रिकामी कशी द्यायची म्हणून साखर घालून परत दिली. तेवढी रीत तिने मोडली नाही. यामागे आणखी एक कारण होतं, ते तिने कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. गावाकडून जाऊबाईचा फोन यायचा. "शेजार कसला गं तुमच्याकडं?" शालन सांगायची. पलीकडून नुसतं "हं" यायचं. त्या "हं"ने तिच्या मनात घर केलं होतं.

म्हणून तर रोज जेवताना ती अपेक्षाकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं म्हणवून घ्यायची.

"कुणी म्हणालं, आईने बोलावलंय, तर?"

"जायचं नाही."

"खाऊ दिला तर?"

"घ्यायचा नाही."

"आणि चाचीने बोलावलं तर?"

इथे अपेक्षा जरा अडखळायची. मंतशाकडे ठोकळे होते, मांजराचं पिल्लू होतं.

"तर? बोल की!"

"जायचं नाही."

"चाचीने काही दिलं तर?"

"घ्यायचं नाही."

"शहाणी माझी बाय," असं म्हणून शालन तिच्या ताटात तुपाची धार सोडायची.

गुरुवारी सकाळी पावसाने नुसता उच्छाद मांडला होता. शालनने पोरीला रेनकोट चढवला, दप्तराला प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि दोघी निघाल्या. सकीनाचं दार अजून बंद होतं. शाळेच्या गेटशी पोहोचल्या तर तिथे चिटपाखरू नाही. गेटला कुलूप. वॉचमनची खुर्ची उलटी करून ठेवलेली.

"आई, कुणीच नाहीये गं," अपेक्षा म्हणाली.

इथे खरं तर एखादीने परत फिरायचं. पण शालनची छाती अभिमानाने फुगली. अख्ख्या शाळेत शहाणी आई एकच! बाकी सगळे फसले, घरात झोपून राहिले. वॉचमन तर रोजच उशिरा येतो. "येतील गं," ती म्हणाली. "सगळ्यांना उल्लू बनवलंय कुणीतरी. तू इथे या छज्ज्याखाली उभी राहा. गेट उघडलं की आत जायचं. कुणी आलं, काही म्हणालं, तर?"

"जायचं नाही," अपेक्षा म्हणाली.

रस्त्यावर बस दिसली. ही चुकली तर पुढची कधी येणार याचा भरवसा नव्हता, आणि शितोळे साहेबांची हजेरी काही कुणासाठी थांबायची नाही. शालन धावली. बसमध्ये चढल्यावर तिने काचेतून पाहिलं. पिवळा रेनकोट गेटला चिकटून उभा होता. मनात काहीतरी खटकलं खरं. पण बसमध्ये चक्क बसायला जागा मिळाली, आणि आज एवढी रिकामी कशी, हे विचारायच्या आधीच तिचा डोळा लागला.

ड्युटीवर एक नियम फार कडक होता. गार्डचे फोन लाकडी पेटीत जमा व्हायचे, पेटीला कुलूप, किल्ली शितोळे साहेबांच्या खिशात. साडेसातला शालनचा फोन पेटीत गेला. त्या दिवशी गर्दी बेताची होती. ओल्या छत्र्या, ओल्या पिशव्या, "गुड मॉर्निंग मावशी", "पर्स उघडा मॅडम". दहा वाजून गेले तेव्हा भाग्यश्री मॅडम आल्या. सातव्या मजल्यावरच्या, कधी हुज्जत न घालणाऱ्या. आज त्यांच्या हाताला सहा-सात वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या पाठीवर कार्टूनची बॅग.

"मुलाचा पास?" शालनने हात आडवा धरला.

"अहो मावशी, पास कुठला? आज मीटिंग आहे, यावंच लागलं. माझी कामवाली आली नाही, सासूबाई नगरला. याला ठेवू कुठे?"

शालनने त्या पोराची बॅग उघडली. रंगीत खडू, बिस्किटं, एक चादर. खरंच सांगते असं दिसतंय, पण तरी. "शाळेत का नाही गेला?"

"शाळांना सुट्टी आहे ना आज!"

"कुणी सांगितलं?"

भाग्यश्री मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "कुणी सांगितलं म्हणजे? काल दुपारीच जाहीर झाली. पेपरात आहे, टीव्हीवर आहे. सगळ्या शाळांना आहे, मावशी."

शालनचा हात त्या बॅगेतच राहिला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. सातला पाच कमी ते दहा दहा. तिला ते साधं गणित करता येईना. "माझी पोरगी," ती म्हणाली, "माझी पोरगी गेटवर आहे हो."

शितोळे साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "जाधवर, लाल इशारा आला की तुम्हा बायकांची पोरं हरवतात. मागच्या वर्षीही रजा, यंदाही नाटक."

"साहेब, खरं सांगते. देवाशपथ."

"खरं की खोटं, मला कसं कळणार?"

आठ वर्षं हाच प्रश्न शालन येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारत आली होती. भाग्यश्री मॅडमच मध्ये पडल्या. "अहो, तिचा चेहरा बघा जरा! फोन द्या तिचा." शितोळेंनी कुरकुरत पेटी उघडली. "बारापर्यंत परत. नाही आलात तर उद्यापासून हिंजवडी."

फोन हातात आला. अकरा मिस्ड कॉल. अकराही सकीनाचे. पहिला आठला दहा कमी असताना, शेवटचा सव्वानऊचा. नंतर एकही नाही.

शालनने लावला. स्विच ऑफ.

रिक्षा मिळाली, पण नगर रोडवर पाणी, गाड्या जागच्या हलेनात. रिक्षात बसून शालनने काय काय मनात आणलं ते सांगायचीसुद्धा लाज वाटावी. अकरा कॉल कशाला केले हिने? मी उचलते का बघायला? मी कामात आहे, नवरा घरात नाही, हे पक्कं करायला? आणि मग फोन बंद का केला? गुलजारच्या गाडीचा नंबर काय होता, एमएच बारा, पुढे काय? चौकीत जाऊन काय सांगायचं? परवा त्यांच्याकडे एक दाढीवाला पाहुणा आला होता, तो कोण? उत्तरेश्वरला लावला तर तो घाटात, रेंज नाही. रिक्षावाला दोनदा म्हणाला, "ताई, रडू नका, पोचतोय आपण." तिने त्याच्याकडेही संशयाने पाहिलं. हा गल्लीबोळातून का नेतोय?

शाळेचं गेट दिसलं तेव्हा ती रिक्षा थांबायच्या आधीच उतरली.

पिवळा रेनकोट तिथेच होता. छज्ज्याखाली, गेटच्या गजांना पाठ लावून. तो छज्जा म्हणजे जेमतेम हातभर. पावसाची झड पोरीच्या अंगावर सरळ येत होती. पायांतले मोजे चिखलाने काळे झालेले. तिच्या शेजारूनच नाला तुडुंब भरून वाहत होता. तिच्यापासून चार पावलांवर रस्त्यात एक काळी छत्री उघडी पडली होती, दांडा वर करून, आणि तिच्यात पाणी साठलं होतं. आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर सकीना बसली होती. डोक्यावर ओढणी, तीही चिंब. एक प्लॅस्टिकची पिशवी गुडघ्यांवर अंथरलेली.

"आई!" अपेक्षा ओरडली. तिचे ओठ निळे पडले होते, पण चेहऱ्यावर असं काही तेज होतं की जणू बक्षीस मिळवून आलीय. "आई, मी नाही गेले! चाची तीनदा बोलवायला आली. मी म्हटलं, नाही. छत्री दिली, मी घेतली नाही. बिस्किट पण नाही घेतलं. चहा आणला होता, तो पण नाही. मी कुठेच गेले नाही." मग हळूच म्हणाली, "फक्त मला शू लागलीय गं. कधीची."

शालनने तिला पोटाशी धरलं. पोरगी पावलापासून डोक्यापर्यंत थरथरत होती आणि "मी बरोबर केलं ना?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती.

सकीना गुडघ्यावर हात देत उठली, रस्ता ओलांडून आली. "पोरगी तयार केलीस हां," ती म्हणाली. "मिलिटरीत घालायला हरकत नाही. पावणेआठला मंतशा म्हणाली, दादी, अपेक्षाला जाताना खिडकीतून पाहिलं. म्हणून तुला फोन लावले. तू उचलेनास. मग आले. मी जवळ गेले की ही मागे सरकायची, आणि मागे तर हा नाला. एकदा पाय घसरलाच तिचा. तेव्हा म्हटलं, नको बाई, आपण लांबच बसावं. फोन भिजून बंद पडला, नाहीतर लावतच राहिले असते."

"तुम्ही तीन तास इथे..."

"मग काय, सोडून जाऊ? कुणाचंही पोर असतं तरी नसते गेले."

शालनला रडू आवरेना. रस्त्यात, पावसात, ड्रेसवरची पट्टी-बिल्ला सगळं भिजत असताना ती हुंदके देऊन रडली. स्वतःचा असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. "चाची, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळतंय गं मला," सकीना म्हणाली. "दोन वर्षं कळतंय." तिचा आवाज चढला नाही. ती वाकली, छत्रीतलं पाणी ओतलं आणि छत्री त्या दोघींच्या डोक्यावर धरली.

घरी आल्यावर शालनने पोरीला ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, कोरडे कपडे घातले, केस पुसले, गरम दूध पाजलं. आणि मग घड्याळ बघितलं. सव्वाअकरा वाजले होते. शितोळे साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला होता. न जाऊन चालणार नव्हतं. हिंजवडी म्हणजे पोरीची शाळाच सुटणार, नाहीतर नोकरी. पोरीला एकटीला घरात ठेवून जायचं तिला धाडस होईना. तिने अपेक्षाचा हात धरला आणि शेजारच्या दारात गेली. सकीनाने कपडे बदलले होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती चहा पीत होती. आत मंतशा ठोकळ्यांचा डोंगर रचत होती.

"चाची," शालन म्हणाली. हे शब्द काढायला तिला फार जड गेलं. "तीनपर्यंत हिला बघाल?"

"मी कालच म्हटलं होतं," सकीना म्हणाली. "ये गं अपेक्षा."

अपेक्षा हलली नाही. तिने आईचा हात घट्ट धरला. "नाही जायचं," ती म्हणाली.

"जा बाळा. चाची चांगल्या आहेत."

अपेक्षाने वर पाहिलं. आईकडे असं तिने कधीच पाहिलं नव्हतं. डोळे बारीक करून, कपाळाला आठी घालून, जणू तिच्या चेहऱ्यात काही लपलंय का ते शोधत होती. "तू रोज म्हणायचीस, चाचीकडे जायचं नाही. आणि आता म्हणतेस, जा. मग आधी खोटं बोलत होतीस, की आत्ता बोलतेयस?"

सकीनाने कप खाली ठेवला आणि दुसरीकडे बघितलं. शालनला वाटलं, जमीन दुभंगावी. पण वेळ नव्हता, आणि पोरगी उत्तराची वाट बघत होती. ती खाली बसली, तिच्या उंचीला आली.

"आधी," ती म्हणाली. "आधी चुकलं माझं. चाचींनी काही केलेलं नाही. मलाच उगाच भीती वाटायची."

"आता नाही वाटत?"

"आता नाही."

आईचं बोलणं पटलं असं काही अपेक्षाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मग ती शालनला सोडून सकीनाकडे वळली. "मी येते," ती म्हणाली. "पण दार उघडं ठेवायचं."

नऊ वर्षांची पोर, आणि ही अट! शालन काही बोलणार तोच सकीना म्हणाली, "उघडंच ठेवू. पाणी आत आलं तर पुसून घेऊ."

तिने दाराला मशीनचं स्टूल लावलं, म्हणजे वाऱ्याने ते आपटू नये. शालन गल्लीच्या टोकाशी पोहोचली आणि वळून बघितल्याशिवाय तिला राहवलं नाही. पाऊस तसाच कोसळत होता. अपेक्षा उंबऱ्यावरच बसली होती, आत ना बाहेर, आणि आई दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत होती.